सहीला साक्षीदार

एकाच कॉमिकच्या दोन प्रती समोर ठेवा. दोन्हींवर त्याच चित्रकाराने, त्याच दिवशी, त्याच पेनाने सही केलेली. पहिली प्रत सही होताच शेजारी उभ्या असलेल्या नेमलेल्या माणसाने ताब्यात घेतली. दुसरी वाचक स्वतः घरी घेऊन गेला. पुढे दोन्ही प्रती अमेरिकेतल्या सीजीसी या कंपनीकडे तपासणीला गेल्या, तर पहिलीला पिवळं लेबल मिळतं आणि त्यावर सही कुणाची, कोणत्या तारखेची हे छापलेलं असतं. दुसरीला ते मिळत नाही. तिच्यावरची सही शंभर टक्के खरी असली तरी कंपनीच्या मूळ नियमानुसार ते मुखपृष्ठावर पेनाने लिहिलेलं एक नाव. मग तिला हिरवं लेबल लावत, नाहीतर शाईचा डाग समजून तिचा दर्जा उतरवत. सही करणारा तोच, शाई तीच. सही होताना कुणी पाहिलं, एवढ्यावरून बाजारातले भाव बदलतात.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या बेळगाव-निपाणीच्या माणसाला हे फार नवं वाटू नये. खरेदीखतावर घेणाऱ्या-देणाऱ्याच्या सह्यांखाली दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, तसंच हे. तरीही कॉमिकसारख्या, मुलांच्या दप्तरात चुरगळणाऱ्या वस्तूसाठी इतकी कडक व्यवस्था का उभी राहिली, हे समजून घेण्याजोगं आहे. आपल्याकडे जुन्या कॉमिक्सचा संग्रह करणारे वाढत आहेत, आणि ती कॉमिक्स ज्यांनी काढली त्यांतले बरेच हात आता थांबले आहेत.

अमेरिकेत 1990च्या दशकात खेळाडूंच्या खोट्या सह्यांचा धंदा बोकाळला. चेंडू, बॅट, फोटो, टोप्या यांवर सराईत हात दिवसभर नामवंतांच्या सह्या गिरवत आणि त्यांच्यासोबत तितकेच खोटे दाखले विकले जात. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने त्याचा माग काढला तेव्हा गोळा करणाऱ्यांना धक्का बसला. हस्ताक्षरतज्ज्ञाचा कागद पुरेसा नसतो, हे सगळ्यांना तेव्हा कळलं, कारण तो कागदही बनावट निघत होता. त्याच सुमारास, 2000 साली, सीजीसी सुरू झाली. प्रत तपासायची, 10 पैकी दर्जा ठरवायचा आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या कडक डब्यात कायमची बंद करायची, हे तिचं काम. संग्राहक या डब्याला ‘स्लॅब’ म्हणतात. सह्यांच्या बाबतीत तिने साधा नियम केला. सही झाल्यावर ती खरी की खोटी हे ठरवत बसायचं नाही. सही होत असताना आपला माणूस तिथे हजर असला पाहिजे आणि सहीनंतर प्रत मालकाच्या हातात परत जाता कामा नये. सीबीसीएस नावाची दुसरी कंपनी आहे. ती साक्षीदाराविना झालेल्या सह्याही तज्ज्ञांकडून पडताळून घेते, पण त्यांना वेगळ्या रंगाचं लेबल लावते.

पण संग्राहक राहतो एका गावात आणि चित्रकार येतो हजार मैलांवरच्या संमेलनात. या अंतरातून मध्यस्थांची सेवा उभी राहिली. मध्यस्थ आधी जाहीर करतो की अमुक चित्रकार अमुक महिन्यात सह्या करणार आहे, तमुक तारखेपर्यंत प्रती पाठवा. मग देशभरातून पार्सलं येतात. प्रत्येक प्रत वेगळ्या पिशवीत असते आणि त्या पिशवीला चौकोनी खिडकी कापलेली असते. सही जिथे हवी तेवढीच जागा उघडी, बाकीची प्रत झाकलेली, म्हणजे चित्रकाराचा तळवा मुखपृष्ठाला लागत नाही. कडेला चिकटपट्टीवर सूचना लिहिलेल्या असतात: शाई कोणत्या रंगाची, नुसती सही की कुणाच्या नावाने, सोबत छोटं रेखाचित्र हवं का. मध्यस्थ साक्षीदाराला घेऊन बसतो, गठ्ठ्यावर सह्या होतात आणि तिथूनच तो गठ्ठा तपासणीला जातो. मालकाला काही महिन्यांनी घरपोच स्लॅब मिळतो. चित्रकाराचं मानधन, मध्यस्थाची फी, तपासणीचा आकार, विमा आणि टपालखर्च हे सगळं मालकाने भरायचं.

म्हणजे सही मिळते, भेट मिळत नाही. त्यामुळे बरेच जण या सेवेला नाक मुरडतात. मला ते तितकंसं पटत नाही. आजारी माणूस, लहान गावातला माणूस, ज्याला प्रवास परवडत नाही असा माणूस यांना ही सोय नसती तर सही कधीच मिळाली नसती. भेटीचं मोल मी कमी मानत नाही, पण ज्याच्या वाट्याला भेट येत नाही त्याची सही कमअस्सल ठरवायचा अधिकार कुणाला आहे?

बेळगावहून मुंबई आणि बेंगळुरू दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. भारतात 2011 साली दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सप्रेमींचं संमेलन, भरलं. पुढे मुंबई आणि बेंगळुरूलाही अशी संमेलनं भरू लागली आणि सीमाभागातला संग्राहक या दोन शहरांच्या बरोबर मध्ये सापडला. इथे पार्सलांवर चालणारी नेमलेली सेवा नाही. आहे ते नात्यागोत्याचं जाळं. बेंगळुरूला संगणक कंपनीत असलेला भाचा, पुण्याला शिकणारी पुतणी, मुंबईच्या मेहुण्याचा शेजारी. शुक्रवारच्या रात्रीच्या बसने कुणीतरी निघतं. त्याच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॉमिक्स देतात आणि ‘रांगेत उभं राहून तेवढी सही आण’ म्हणून सांगतात. पोरं आणतातही. पण सही कुणासमोर झाली याची चिठ्ठी कुणी लिहून घेत नाही. घरात विश्वास असतो म्हणून ती लागत नाही. ती लागते तीस वर्षांनी, प्रत दुसऱ्या घरात गेल्यावर.

आता आपल्या कॉमिक्सकडे वळू. सीमाभागातल्या माझ्या पिढीच्या वाचकांना कॉमिक विकत घेणं क्वचितच जमायचं. ती भाड्याने मिळायची. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत, बेळगावच्या गल्ल्यांत, एखाद्या पानपट्टीला किंवा स्टेशनरीच्या दुकानाला लागून दोरीवर कॉमिक्स लटकवलेली असत. दिवसाचं भाडं द्यायचं, तिथेच पायरीवर बसून वाचायचं, नाहीतर उद्या परत करायच्या बोलीने घरी न्यायचं. टाइम्स समूहाची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ 1964 साली सुरू झाली. वेताळ आणि मँड्रेक मराठीत बोलू लागले. 1990 साली मालिका बंद पडली. आज या मराठी प्रती शोधून मिळत नाहीत, कारण त्या वाचून संपल्या. दुकानाचा रबरी शिक्का, आतल्या पानावर आकड्यांत टाकलेली भाड्याची नोंद, कुणीतरी निळ्या शाईने लिहिलेलं स्वतःचं नाव आणि इयत्ता. अमेरिकी तपासणीत यातली प्रत्येक खूण दोष म्हणून मोजली जाईल. माझ्या लेखी ती त्या प्रतीची हकीकत आहे. शिक्का खोडून प्रत ‘साफ’ करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, असं करू नका. गावातलं कुठलं वाचनालय कधी चालू होतं याचा पुरावा पुष्कळदा तेवढ्या शिक्क्यापुरता उरलेला असतो.

या प्रतींवर सही घ्यायची तर कुणाची? वेताळाचे जनक ली फॉक अमेरिकेतले, 1999 साली गेले. पण इंद्रजालचाच ‘बहादूर’ भारतीय होता. 1976 साली तो आला तेव्हा त्याची कल्पना आबिद सुरती यांची होती आणि चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. वेताळाच्या कित्येक अंकांची रंगवलेली मुखपृष्ठंही गोविंद यांचीच. त्यांच्या कोपऱ्यात त्यांची बारीक सही छापलेली दिसते. लहानपणी मुखपृष्ठ पाहताना आमची नजर वेताळाच्या कवटीच्या अंगठीवर असायची, कोपऱ्यातल्या त्या सहीवर कधी गेलीच नाही.

इंद्रजालच्या आरंभाशी टाइम्समध्ये असताना जोडलेले अनंत पै पुढे 1967 साली ‘अमर चित्र कथा’ घेऊन आले. पै मूळचे कारकळचे, म्हणजे कर्नाटकाचेच. त्या मालिकेतलं पहिलं भारतीय कथेचं पुस्तक ‘कृष्ण’ राम वाईरकर यांनी रेखाटलं. वाईरकर 2003 साली गेले, पै 2011 साली. 1980 साली ‘टिंकल’ निघालं. त्यातला शिकारी शंभू वसंत हळबे यांच्या हातचा, कालिया कावळा प्रदीप साठे यांचा, आणि सुपंडी प्रथम वाईरकरांनी आणि नंतर त्यांच्या कन्या अर्चना अंबेरकर यांनी रेखाटला. हिंदी पट्ट्यातली मुलं ज्याच्यासाठी वेडी झाली तो ‘नागराज’ 1986 साली आला, त्याची सुरुवातीची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. अमर चित्र कथेतही त्यांनी भरपूर काम केलं. दिलीप कदम, संजय अष्टपुत्रे, विठ्ठल कांबळे, मिलिंद मिसाळ ही हिंदी कॉमिक्सच्या पानांवर वारंवार दिसणारी नावं वाचा. उत्तर भारतातल्या एका पिढीचं बालपण मराठी हातांनी चितारलं, आणि मराठी घरांतच ही नावं फार थोड्यांना ठाऊक आहेत.

मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. लेखकाची सही घ्यायची आपल्याला सवय आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. या गावात 1929, 1946 आणि 2000 अशी तीन अखिल भारतीय साहित्य संमेलनं झाली. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला होते. कवयित्री इंदिरा संत याच गावात राहिल्या. निपाणीत पिठाची गिरणी चालवत महादेव मोरे यांनी आयुष्यभर लिहिलं आणि त्यांच्या कथा वर्षानुवर्षं दिवाळी अंकांतून आल्या. इथल्या वाचकाला लेखकासमोर वही धरायची लाज कधी वाटली नाही. पण चित्र काढणाऱ्यासमोर? चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या चित्रमंदिरात शिकून बेळगावचे रवी परांजपे देशातले मोठे चित्रकार आणि बोधचित्रकार झाले. छापील पानासाठी चित्र काढणं हे कमी दर्जाचं काम नाही, हे त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या कामाने दाखवलं. 2022 साली ते गेले. त्यांची चित्रं छापलेली मासिकं आणि दिनदर्शिका बेळगावच्या किती घरांत जपून ठेवल्या असतील, आणि त्यांतल्या किती जणांनी ते गावी आल्यावर त्या पुढे केल्या असतील?

पैशाचा विषय निघाला की मराठी माणूस जरा संकोचतो. सहीचे पैसे कसले मागता, असा सूर लागतो. बेळगावकरांनी तरी तो लावू नये. 1924 साली इथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष महात्मा गांधी होते. पुढच्या काळात याच गांधीजींनी हरिजन निधीसाठी सहीमागे पाच रुपये घेण्याचा नेम ठेवला होता. देणाऱ्याला आपण कशासाठी देतोय हे ठाऊक होतं. कॉमिक्सच्या चित्रकारांना पानामागे ठरलेला मोबदला मिळे. मूळ चित्रं पुष्कळदा प्रकाशकाकडेच राहत आणि पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या तरी त्यांच्या पदरात वेगळं काही पडत नसे. अशा चित्रकाराने म्हातारपणी सहीचे चार पैसे घेतले तर ते त्याच्या हक्काचे आहेत. हिंदीतले काही छोटे प्रकाशक आगाऊ नोंदणीवर चित्रकाराच्या सहीची प्रत देतात आणि ती थोडी महाग विकतात. मराठी प्रकाशकही लेखकाच्या सहीच्या प्रती देतात. त्यांनी मुखपृष्ठकारालाही सोबत बसवावं.

मात्र पैसा आला की काळजीही घ्यायला हवी. अमेरिकी कॉमिक्सचे नामवंत लेखक स्टॅन ली 2018 साली वयाच्या 95व्या वर्षी गेले. त्याच वर्षी एका संमेलनातली चित्रफीत जगभर फिरली. थकलेले ली सह्या करताहेत, रांग संपत नाही आणि शेजारचा माणूस त्यांना त्यांच्याच नावाची अक्षरं सांगतो आहे. ती पाहून अनेक संग्राहकांनी आपल्या छंदाकडे पुन्हा एकदा पाहिलं. पार्सलांचा गठ्ठा समोर ठेवणाऱ्याला सही करणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत असतो. घरी बसून पैसे भरणाऱ्याला दिसत नाही. म्हणून मध्यस्थ निवडताना त्याचा दर विचारण्याआधी तो म्हाताऱ्या माणसाकडून एका बैठकीत किती सह्या करून घेतो, हे विचारायला हवं. आणि साक्षीदाराची व्यवस्थाही अभेद्य नाही. 2023 सरताना सीजीसीच्या डब्यांबाबत गडबड उघड झाली. जुना डबा बदलून घेण्याच्या सोयीचा गैरफायदा घेऊन काहींनी चांगल्या दर्जाच्या लेबलाखाली हलक्या प्रती घुसवल्या होत्या. प्लॅस्टिकवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो, हे तेव्हा महागात शिकावं लागलं.

आपल्या प्रती अमेरिकेला पाठवून स्लॅब करून घ्याव्यात का, असं मला तरुण संग्राहक विचारतात. अमेरिकी कॉमिक असेल आणि पुढे विकायचं असेल तर विचार करा. मराठी इंद्रजाल किंवा जुनी अमर चित्र कथा असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. जाण्यायेण्याचा आणि विम्याचा खर्च बहुधा प्रतीच्या किमतीला गिळून टाकतो, पार्सल गहाळ झालं तर दुसरी प्रत मिळेलच असं नाही, आणि डब्यात बंद झालेलं कॉमिक कुणालाही वाचता येत नाही. आपल्याला त्या व्यवस्थेतला साक्षीदार हवा आहे. डबा नसला तरी चालेल.

तो साक्षीदार सीमाभागात सहज मिळण्याजोगा आहे. दर हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, आणि निपाणीकडे कारदगा इथे गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, शाळेची मुलं लेझीम खेळत पुढे असतात, मांडवात गावजेवण होतं. सीमेवर पाहुण्यांना अडवल्याचे प्रसंग घडले, तरी गावांनी संमेलनं सोडली नाहीत. लोकवर्गणीतून चालणारं इतकं घट्ट जाळं महाराष्ट्रातही फार ठिकाणी नाही. या संमेलनांत कवी येतात, कथाकथनकार येतात, वक्ते येतात. चित्रकथा काढणारा चित्रकार मात्र मी व्यासपीठावर पाहिलेला नाही. एका संमेलनाने एका वर्षी तरी बोलावून पाहावं. पुण्याहून कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीला यायला एक दिवसही लागत नाही. प्रवासखर्च आणि मानधन आधी ठरवून लिहून द्यावं. सकाळी त्यांनी मुलांसमोर फळ्यावर चित्र काढून दाखवावं, दुपारी सावलीत टेबल मांडून सह्या कराव्यात, आणि तासाभराने विश्रांती मिळेल अशी सोय ठेवावी. ज्यांना येता येत नाही त्यांच्या प्रती गावच्या वाचनालयाने आधी गोळा कराव्यात. प्रत्येक प्रतीवर मालकाच्या नावाची चिठ्ठी लावावी आणि घेताना-देताना वहीत नोंद करावी. मध्यस्थाची सेवा म्हणजे एवढंच तर असतं.

थोडं हातचं कामही सांगतो. जुन्या भारतीय कॉमिक्सचा कागद पातळ. अल्कोहोलयुक्त शाईचं जाड मार्कर चाललं की सही मागच्या पानावर उमटते. बॉलपेनने दाबून लिहिलं की कागदावर चर पडतो. पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन, फिकट रंगाची जागा, खाली पुठ्ठा, आणि शाई वाळेपर्यंत प्रत उघडी, एवढं पाळावं. मुखपृष्ठ फार गडद असेल तर आतलं पहिलं पान पुढे करावं, तिथे लेखक-चित्रकाराची नावं असली तर त्यांच्याखालीच सही शोभते. इथला पाऊस लक्षात घेता प्रती जमिनीलगतच्या कपाटात किंवा लाकडी पेटीत ठेवू नयेत. ओल आली की आधी मधल्या पिना गंजतात आणि तो तांबूस डाग घडीतून पसरत जातो. पावसाळा सरल्यावर एकेक प्रत काढून सावलीत वारा द्यावा.

आणि चिठ्ठी. अर्ध्या पानाची पुरे. कॉमिकचं नाव आणि क्रमांक, सही कुणाची, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, कुणासमोर. खाली वाचनालयाच्या ग्रंथपालाची सही आणि शिक्का, सोबत चित्रकार सही करत असतानाचा एक फोटो. चिठ्ठीची एक प्रत मालकाकडे, दुसरी वाचनालयाच्या फायलीत. त्या फायलीत जागा मिळाली की चित्रकाराला चार प्रश्नही विचारून घ्यावेत: हे पान किती दिवसांत काढलं, शाई कोणती वापरली, मूळ चित्र आज कुणाकडे आहे, मोबदला किती मिळाला होता. यातलं शेवटचं उत्तर त्यांनी सांगितलं तरच लिहायचं.